कातरलेले श्वास

टक्, टक्, टक्.

माइक चालू आहे हे मला ठाऊक आहे. हा आवाज मी बोटानं मुद्दाम काढला. बासष्ट वर्षांपूर्वी आमचे कवितेचे मास्तर टेबलावर लाकडी पट्टी अशीच तीनदा वाजवायचे, आणि चाळीस मुलांचा वर्ग एका सुरात कविता म्हणू लागायचा. अर्थ कुणालाच कळत नसे. पण ठेका असा अंगात भिनायचा की घरी जाताना पावलंही त्याच मात्रांत पडायची. आज इथं उभा राहिलो, काय बोलावं सुचेना, तेव्हा बोटाला आधी तेच आठवलं.

तर, आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या ध्वनिसंग्रहाच्या संचालक बाई, व्यासपीठावर बसलेले विद्यापीठाचे सन्माननीय पाहुणे, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले माझे तरुण सहकारी, ग्रंथपाल बाई, दारापाशी खुर्ची असूनही उभेच राहणारे आमचे शिपाईदादा, पहिल्या रांगेतून 'थोडक्यात आटपा' अशी खूण आत्ताच केलेली माझी पत्नी, आणि जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

मला निरोप देण्याची ही संस्थेची दुसरी खेप. पहिला निरोप बारा वर्षांपूर्वी, याच सभागृहात झाला. तेव्हा दिलेलं भिंतीवरचं घड्याळ अजून चालतं, आणि मीही चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नेहमीसारखा कामावर हजर झालो, तेव्हा शिपाईदादा म्हणाले होते, "साहेब, काल तुम्हाला निरोप दिला ना आम्ही?" मी म्हटलं, "दिलात, पण मी घेतला कुठं?" तेव्हापासून मानधनावर मी इथंच आहे. आता मात्र कान थकले. ज्याचं पोट कानांवर त्यानं कान थकल्यावर उठावं, हे बरं.

माझ्याबद्दल इथं फार चांगलं बोललं गेलं. पाहुण्यांनी मला 'आवाजांचा राखणदार' म्हटलं. संचालक बाईंनी माझ्या सफाईचं कौतुक केलं. ते सगळं मान खाली घालून ऐकलं. माझी मान विनयानं खाली गेली असं तुम्हाला वाटलं असेल. ती का खाली गेली, हे सांगायलाच मी उभा आहे.

पाहुण्यांपैकी काहींना आमच्या कामाची माहिती नसेल. जगात माणसं जिथं जिथं बोलतात तिथं तोंड तेच, जीभ तीच, दातही जवळपास तेवढेच. तरी प्रत्येक भाषा त्या तोंडातून वेगळा बाजार भरवते. पाळण्यातलं मूल वाट्टेल ते आवाज काढतं. मग घर त्यातले चाळीसपन्नास निवडतं, त्यांना नावं देतं, त्यांच्या जागा ठरवतं, आणि बाकीचे त्याला विसरायला लावतं. आपण कुणाची कीव करताना जिभेनं 'च्च् च्च्' करतो. तो आपल्याला उद्गार वाटतो. काही भाषांत ते चक्क अक्षर आहे, आपल्या क आणि ट सारखं, शब्दाच्या पोटात बसणारं. काही भाषांत सूर जरा खाली नेला की आईचा घोडा होतो. आपण ल आणि ळ वेगळे मानतो, म्हणून 'काल' आणि 'काळ' वेगळे. ज्यांच्या भाषेत ळ नाही, त्यांना हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. त्यांचे कान बिघडलेले नसतात. त्या दोन आवाजांमधलं दार त्यांच्या घरात कुणी बसवलंच नव्हतं, एवढंच.

आमचे मास्तर हे फार सुरेख शिकवायचे. पातळ कागदाची पट्टी तोंडासमोर धरायला लावायचे. क म्हटला की कागद हलत नाही. ख म्हटला की फडफडतो. "बघा रे," म्हणायचे, "क आणि ख भाऊ. एक घरात बसतो, दुसरा दार उघडून बाहेर पळतो." मग वर्णमाला. क घशापाशी, च टाळूला, त दाताशी, प ओठांवर, म्हणजे आतल्या खोलीतून निघून एकेक दालन ओलांडत अंगणात आल्यासारखी रांग. आणि शेवटी ते म्हणायचे, "बोलणं म्हणजे बाहेर जाणारा श्वास. आत येतो तो फक्त जगण्यासाठी."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. इतकं सुंदर वाक्य चूक असेल अशी शंका तरी कशी यावी?

तेविसाव्या वर्षी मी या संस्थेत लागलो. काम फितीचं. मोठी रिळं, सेकंदाला साडेसात इंच धावणारी तपकिरी फीत. भाषा बोलणारा माणूस समोर बसवायचा, त्याला शब्द विचारायचे, मुद्रण करायचं आणि मग फीत साफ करायची. खोकला, खुर्चीची कुरकुर, बाहेरच्या रस्त्यावरचा भोंगा, आणि दोन शब्दांमधले श्वास हे सगळं ब्लेडनं तिरकं कापून काढायचं आणि उरलेली टोकं पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायची. नवी फीत दुर्मिळ होती, त्यामुळे नक्कल करून नकलेवर काम करायची चैन नव्हती. ब्लेड मूळ फितीवरच चालायचं.

त्या वेळचे संचालक, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, ते आता नाहीत. त्यांचे दोन नियम होते. पहिला, फितीवर भाषेखेरीज काही उरता कामा नये. दुसरा, बोलणाऱ्याला त्याची फीत ऐकवायची नाही, कारण ऐकली की तो शहाणपणानं बोलायला लागतो. साहेब स्वतः बोलणाऱ्या माणसासमोर कधी बसत नसत. म्हणायचे, "माणूस समोर दिसला की कान फितूर होतात." ते फक्त साफ केलेली फीत ऐकायचे, हेडफोन लावून, डोळे मिटून.

आणि साफ करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. माझा सांधा कुठं आहे हे भल्याभल्यांना ऐकू येत नसे. सगळे मला 'शिंपी' म्हणायचे. संध्याकाळी माझ्या टेबलाखाली फितीच्या कातरणांचा ढीग पडायचा. झाडणाऱ्या बाई ओरडायच्या, "अहो शिंपी, एवढं कापता, मग शिवता तरी काय?" त्या नावाचा मला अभिमान होता. ती पदवीच वाटायची मला.

याच दिवसांत मावशी आल्या.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्या चादरींना इस्त्री करायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, हातांवर वाफेचे डाग. आईकडून आलेली एक भाषा त्यांना येत होती, आणि आई गेल्यावर ती बोलायला त्यांच्याजवळ कुणीच उरलं नव्हतं. इस्पितळातल्या एका डॉक्टरांनी त्यांना गाठोड्याशी बोलताना ऐकलं आणि आम्हाला कळवलं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दुपारी तीनला त्या यायच्या. अकरा वर्षं. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्या मला 'अरे'.

"काय रे, आजही तेच? पाणी, आग, डोळा, दगड? तुमच्याकडे दुसरी काही वस्तू नसते का?"

"मावशी, यादी वरून आली आहे."

"वरून आली असेल तर वरच्याला विचार, त्याला कळतं का माझं बोलणं."

मी हसायचो आणि यंत्र सुरू करायचो. त्या बोलायच्या. आणि बोलता बोलता, काही शब्दांच्या आधी, झटकन श्वास आत घ्यायच्या. गरम चहाचा घोट जिभेला लागल्यावर आपण ओढतो तसा, ओठांतून, कधी दातांतून, कधी घशातून. दमेकरी बाई, दिवसभर वाफेत उभी राहणारी. मला कणव यायची. मी यंत्र थांबवायचो.

"मावशी, दम लागला का? पाणी देऊ?"

"मला? मला कशाला दम लागेल? तुलाच हवं असेल, तू पी."

पण मी ग्लास पुढं करायचोच, आणि नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून त्या घोटभर प्यायच्या. अकरा वर्षं, मंडळी. बाई आपली भाषा बरोबर बोलत होती आणि मी तिला पाणी पाजत होतो.

तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलं असेल. ज्यांच्या नसेल आलं त्यांनी ओशाळू नये. मला समजायला एकोणचाळीस वर्षं लागली.

ते श्वास ही अक्षरं होती. त्या भाषेत तीन आवाज आत ओढून उच्चारायचे होते. ओठांचा, दातांचा आणि घशाचा. आपल्या ख, घ, फ सारखेच रोजचे, साधे. शब्दाच्या सुरुवातीला यायचे, म्हणून कापायलाही सोपे पडायचे. प्रत्येक श्वास पाव सेकंदाचा, म्हणजे जेमतेम दोन इंच फीत. मी ते दोन इंच कापायचो, टोकं जोडायचो आणि कातरण टेबलाखाली टाकायचो.

कल्पना करा, उद्या परक्या देशातला कुणी शिंपी आपलं बोलणं फितीवर घेईल आणि आपल्या वर्णांमधला महाप्राण, म्हणजे ख-घ-ध मधला तो बाहेर पळणारा श्वास, मळ समजून पुसून टाकेल. मग घराचा गर होईल, खड्याचा कडा होईल, धारेचं दार होईल. आणि त्याचा साहेब डोळे मिटून ऐकेल आणि लिहील, 'या लोकांना तलवारीची धार आणि घराचं दार यांतला फरक करता येत नाही.' आमच्या साहेबांनी अगदी तेच लिहिलं. त्यांच्या त्या लेखाचं फार नाव झालं. अवघ्या अकरा व्यंजनांची भाषा, नदीला आणि बहिणीला एकच शब्द, भुकेला आणि सावलीला एकच शब्द. 'ध्वनींच्या बाबतीत अत्यंत गरीब.' तळटीपेत माझे आभार होते, 'निर्दोष फितींबद्दल.' तो लेख मी चौकटीत लावून घेतला होता. आमच्या बैठकीच्या खोलीत होता. हिला विचारा. दोन वर्षांपूर्वी मी तो उतरवला तेव्हा ही म्हणाली, "भिंत का उघडी केलीत?" मी म्हटलं, रंग द्यायचा आहे. रंग अजून दिलेला नाही.

मावशी फीत ऐकायच्या नाहीत, नियमच होता. एकदाच ऐकली. संस्थेच्या वर्धापनदिनी, याच सभागृहात त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. तिथं, त्या खांबाजवळच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. धुतलेली, कडक इस्त्रीची साडी. साहेबांनी अभिमानानं माझी सगळ्यांत स्वच्छ फीत लावली. दोनशे माणसं गप्प. मावशी वाकून ऐकत होत्या. मग माझी बाही ओढून, चांगल्या मोठ्यानं त्यांनी विचारलं, "अरे, ही कोण बाई?"

"मावशी, तुम्हीच."

"छे. ही श्वास घेत नाही. मेलेली आहे का?"

सभागृह हसलं. सगळ्यांत आधी मी हसलो. आपला आवाज कुणालाच ओळखू येत नाही, मावशी, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मोठी माणसं हसतात तेव्हा चूक आपलीच असणार, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. पदरानं ओठ पुसले आणि त्याही हसल्या.

त्यानंतर आठ महिन्यांनी त्या गेल्या.

ते वाक्य माझ्या मागं लागलं आहे. तेव्हा नाही लागलं, तेव्हा तो विनोद होता, मी तो जेवणाच्या सुट्टीत पुष्कळदा सांगितलाही. लागलं ते दोन वर्षांपूर्वी. रिळं संगणकावर घ्यायची म्हणून कपाटं रिकामी करत होतो. सगळ्यांत खालच्या खणात एक लहान रीळ निघालं. माझ्याच अक्षरात त्यावर लिहिलेलं, 'खराब. यंत्र चुकून चालू राहिले.' नोंदीत नव्हतं, म्हणून साफही केलेलं नव्हतं. मी लावलं. पेल्यांचा आवाज. नळ. मी बाहेर कुठंतरी गेलो असणार, आणि मावशी खोलीतल्या मोरीत आमचे पेले विसळत आपल्याशीच गुणगुणत होत्या. अंगाई. चार ओळींची.

ही अंगाई मला पाठ होती. आमच्या साफ रिळांत ती आहे. कवितेचा नाद असल्यानं तरुणपणी मी तिच्या मात्रा मोजून बघितल्या होत्या. आठ, सात, नऊ, सात. कुठं बसेना. साहेबांना तसं सांगितलं होतं आणि त्यांनी लिहिलं होतं, 'या भाषेतल्या पद्याला छंद नाही.' मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. अंगाईला ठेका नसेल तर मूल झोपतं कशावर?

त्या दिवशी रीळ फिरत होतं आणि बोट आपोआप टेबलावर पडायला लागलं. दहा. दहा. दहा. दहा. एकही मात्रा कमी नाही, एकही जास्त नाही. जिथं मला मात्रा सापडत नव्हत्या तिथं मावशींचा श्वास होता, नेमका ठेक्यावर. मास्तरांची पट्टी वाजावी तसा.

मी उठून साफ रिळं काढली आणि सांधे मोजायला बसलो. तीन आठवडे लागले. बेचाळीस रिळं, आठ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी सांधे. त्यांत खोकले किती, भोंगे किती, हे आता कुणाला सांगता येणार? पण बहुतेक सगळे तेच, दोनदोन इंचांचे. जोडले असते तर सव्वा रीळ भरलं असतं. झाडणाऱ्या बाईंनी किती वेळा विचारलं होतं, शिवता तरी काय म्हणून.

संचालक बाईंची परवानगी मी घेतलेली आहे. ते लहान रीळ यंत्रावर चढवलेलं आहे. चाळीस सेकंदांचं आहे. कृपा करून कुणी खोकू नका. म्हणजे, खोकलात तरी मी आता कापणार नाही. हं, लावा.

…

झालं. बंद करा. धन्यवाद.

ऐकलंत? ज्यांना सुरुवातीला वाटलं की बाई धापा टाकते आहे, त्यांना तिसऱ्या ओळीपर्यंत तसं वाटेनासं झालं असेल. कान एवढ्यात शिकतो. मला फक्त ब्लेड खाली ठेवायला हवं होतं.

आता जे सांगायचं ते अवघड आहे. चूक झाली, साहेब गेले, मावशी गेल्या, एक म्हातारा मनाला लावून घेतो आहे, एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

मावशींना एक मुलगी आहे. लहानपणी ती आईची भाषा शिकली नाही. शाळेतल्या मुली चिडवायच्या, 'तुझी आई धापा टाकत बोलते.' आई बोलायला लागली की ती कानांत बोटं घालायची. हे मला तिनं स्वतः सांगितलं, आईच्या अंत्यविधीला, एकदाच भेटलो तेव्हा. सहा वर्षांनी तिचं पत्र आलं. तिला मुलगी झाली होती, आणि आता ती भाषा घरात हवीशी वाटत होती. मी साफ रिळांच्या कॅसेट करून पाठवल्या. मोठ्या हौसेनं. मायलेकी त्यावरून शिकल्या, रोज संध्याकाळी, वही घेऊन. एकदा तिचा फोन आला. "आईचा दमा टेपवर अजिबात ऐकू येत नाही. किती मोकळी बोलते ती. बरं वाटतं हो." आणि तिनं फोन मुलीच्या हातात दिला. सात वर्षांच्या त्या पोरीनं मला अंगाई म्हणून दाखवली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी म्हटलं, शाब्बास, अगदी आजीसारखी.

आठ, सात, नऊ, सात. मी जिथं जिथं सांधा मारला होता, तिथं तिथं त्या पोरीचा आवाज जोडला गेला होता. माझे सांधे आता तिच्या गळ्यात होते. तेव्हा मला ते कळलं नाही. गेली दोन वर्षं मात्र दुपारी खोलीत एकटा असलो की तोच आवाज ऐकू येतो. मावशींचा येत नाही, त्या पोरीचा येतो. सकाळी मी कविता मोठ्यानं वाचतो, पन्नास वर्षांची सवय आहे, तर ही परवा म्हणाली, "अहो, मध्ये श्वास घ्या की, ऐकताना मलाच गुदमरायला होतं." मी घेतला. आणि तो आत येताना जो आवाज झाला, तो ऐकून मी पुस्तक मिटलं.

मुलीला मी हे सांगितलं नाही. दोन वर्षं झाली. दर नव्या वर्षाला तिचं पत्र येतं, 'आईची भाषा आमच्या घरात आहे ती तुमच्यामुळे.' मी उत्तर देतो, प्रकृतीची काळजी घ्या. काय लिहू? की ताई, तुमच्या घरात जे बोललं जातं त्यात एका बाईचं बोलणं आहे आणि एका शिंप्याचं ब्लेड आहे? की लहानपणी कानांत बोटं घालून तुम्ही जे अडवत होता तेच खरं होतं, आणि ज्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवलात तो आवाज तुमच्या आईनं स्वतः नाकारला होता? या वर्षीच्या पत्रात एक ओळ जास्तीची होती. त्या पोरीला आता बाळ झालंय. मावशींची पणती. तिला रोज तीच अंगाई म्हणून निजवतात.

सोमवारी मी संचालक बाईंच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. बाई माझ्या हाताखाली शिकलेल्या. 

"हे तुम्ही आत्ता सांगताय? बुधवारी निरोप आहे तुमचा."

"म्हणूनच आत्ता सांगतोय."

"पुढच्या महिन्यात मावशींच्या फितींचा संच सगळीकडे जाणार. वेष्टणं छापून आली आहेत."

"वेष्टणावर काय छापलंय?"

बाईंनी ते पुढं केलं. भाषेच्या नावाखाली एकच शब्द होता, 'संपूर्ण'.

अध्यक्ष बाई, आज सर्वांसमक्ष माझी एवढीच विनंती आहे. तो शब्द काढावा. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक रिळावर लिहावं की ही फीत अमुक माणसानं कापली, तिच्यातले तीन आवाज गेले आहेत आणि ते फक्त चाळीस सेकंदांच्या एका खराब रिळात उरले आहेत. माझं नाव घालावं. साहेबांचं घालू नये. ते समोर बसत नसत, त्यांना दिसलं नाही. मी समोर होतो. ग्लास माझ्या हातात होता.

आणि दुसरं काम माझं मलाच करायला हवं. मुलीला लिहिलेलं पत्र गेले चार दिवस माझ्या या खिशात आहे. टपालपेटीपर्यंत तीनदा जाऊन आलो. ताईंना मी आज बोलावलं नाही. निमंत्रितांच्या यादीतून त्यांचं नाव मीच गाळायला सांगितलं होतं, हेही कबूल करतो. उद्या सकाळी मला काही काम नाही. उद्या ते पत्र पडेल.

माझं फार लांबलं. दहा मिनिटं दिली होती, मी केव्हाच ओलांडली. संस्थेनं मला सत्तेचाळीस वर्षं सांभाळलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. फुलांबद्दल, चांगल्या शब्दांबद्दल आणि मला जे मुळीच शोभत नाही त्या राखणदार या शब्दाबद्दलही तुमचे आभार. तांत्रिक सहकाऱ्यांनी रीळ नीट लावलं, ग्रंथपाल बाईंनी सगळ्या नोंदी शोधून दिल्या, शिपाईदादांनी मला रोज चहा दिला, त्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला दुखावलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर म्हाताऱ्याचे कान गेले तसं भानही गेलं असं समजून मोठ्या मनानं…

काय झालं, दादा? दारात कोण आहे? उशिरा आलेल्यांना आत घ्या, मागं खुर्च्या आहेत.

जरा बाजूला व्हा, दादा. मला दिसत नाही.

…

बाई, यांना आपण बोलावलंत? नाही? मग… हं. वर्तमानपत्रातली माझ्या निरोपाची बातमी वाचून आल्या. गाडीनं. एकट्याच.

दादा, व्हरांड्यातल्या कर्ण्यावर ऐकू जातं का हो, आपण इथं बोलतो ते? सगळं?

केव्हापासून उभ्या आहेत या?

गाणं लागलं तेव्हापासून, म्हणताय.

मंडळी, माफ करा, माझं भाषण अजून संपलेलं नाही. कुणीतरी ताईंना खुर्ची द्या. तिथं नको, इथं पुढं द्या, माझ्यासमोर. पाणी नको. पाणी कुणी देऊ नका त्यांना.

नको म्हणताहेत. बसायचं नाही म्हणताहेत.

बरं. मग मीही उभाच राहतो. विचारा, ताई.